उंबऱ्यावरची खबर

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. चुडावा स्टेशनवर उतरून चार किलोमीटर आत यायचं, एवढं पुरे. हे वाचून कुणी गाव शोधत येऊ नये अशीच माझी इच्छा आहे, आणि त्यातही शिक्षण खात्यातलं कुणी तर नकोच नको.

मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवतो. चौदा वर्षं झाली. पोरं पुढं गेली, मी पहिलीतच आहे. बायको-लेकरं परभणीला, घर परभणीला आणि कागदोपत्री मी किशनरावांच्या मागच्या खोलीत राहतो. त्या खोलीत प्रत्यक्षात किशनरावांच्या शेळ्या राहतात. शिक्षकानं नेमणुकीच्या गावातच राहावं असा नियम आहे. तो राहतो असा ग्रामसभेचा ठराव दरवर्षी लागतो, आणि आमचे सरपंच बन्सीधरराव तो ठराव बिनबोभाट करून देतात. मी सकाळच्या पॅसेंजरनं येतो, स्टेशनाबाहेर ठेवलेली मोटारसायकल काढतो, आणि संध्याकाळी तसाच परत जातो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं एक पाच वर्षांची पोरगी ते सांगणारच आहे, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगणार आहे.

पण गोष्ट माझी नाही, सुलाबाईची आहे.

सुलाबाई आमच्या अंगणवाडीची मदतनीस. मदतनिसानं खोली झाडायची, पाणी भरायचं, लेकरं घरून गोळा करून आणायची, त्यांची नाकं पुसायची आणि खिचडी शिजवायची. शिकवायचं काम सेविकेचं. आमच्या सेविका बबिताताई बीए झालेल्या, मनानं चांगल्या. पण त्यांना सरकारनं मोबाईल दिलाय, आणि त्या मोबाईलात लेकराचं वजन, उंची, हजेरी, फोटो, खिचडीचा फोटो आणि खिचडी खाणाऱ्या लेकराचा फोटो एवढं सगळं रोज भरावं लागतं. गावात रेंज फक्त हातपंपाजवळ येते. त्यामुळं बबिताताईंचा बहुतेक दिवस हातपंपाजवळ जातो, आणि लेकरं चौथी शिकलेल्या सुलाबाईच्या पदरात पडतात.

सुलाबाईचं माहेर येलदरीकडचं. बाप गावचा कोतवाल होता. पाटलानं सांगितलेला हुकूम हलगी वाजवून गावभर सांगायचा, त्यात एक शब्द इकडचा तिकडं झाला तर शिव्या खायच्या. म्हणून तो माणूस घरून निघायच्या आधी धाकट्या पोरीसमोर उभा राहून दवंडी म्हणून बघायचा. मधलं काही गाळलं की पोरगी विचारायची, "मंग?" बाप पुन्हा आठवायचा. सुलाबाईचं शिक्षणशास्त्र म्हणाल तर एवढंच. ते तिनं बापाच्या हलगीखाली घेतलं आणि पन्नाशी उलटल्यावर आमच्या गावच्या लेकरांवर चालवलं.

तिच्या अंगणवाडीत फुकट प्रवेश नव्हता. सकाळी लेकरू आलं की उंबऱ्याबाहेर थांबायचं, चौकटीला हात लावायचा आणि घरची एक खबर सांगायची. खबर आपल्या डोळ्यांनी बघितलेली पाहिजे. मनानं रचलेली असली तरी चालेल, पण मग आधी सांगायचं, "बनाव हाय." आणि खबर पुरी झाल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. उशिरा आलेल्याला आतल्यांपैकी कुणीतरी आधीच्या खबरा सांगायच्या, आपल्या पदरचं काही न घालता. सुलाबाई तेव्हा ताटात तांदूळ निसत बसलेली असायची. ती मान वर करायची नाही. फक्त म्हणायची, "मंग?"

रोहिणी नावाची एक मुलगी होती, मजुरी करणाऱ्या घरातली. जूनमध्ये आली तेव्हा तिला पाणी हवं असलं तर ती माठाकडं बोट दाखवायची आणि भूक लागली तर पातेल्याकडं. दिवाळीच्या सुमारास मी तिची खबर कानानं ऐकली.

"कोंबडीला कुत्रं चावलं."

"मंग?"

"आई रडली."

"मंग?"

"बाबा म्हणला, रडू नको, कापू."

"मंग?"

"खाल्ली. मंग आई रडली न्हाई."

मी तेव्हा नुकताच परभणीहून तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. विषय होता शाळापूर्व वयातला भाषाविकास. तिथं एका सरांनी पडद्यावर दाखवलं की मुलाला 'हो-नाही'चे प्रश्न विचारू नका, त्याला पुढं बोलतं करणारे मुक्तोत्तरी प्रश्न विचारा. मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. आम्ही गटात बसून रंगीत तक्ता केला, मसालेभात खाल्ला, आणि प्रमाणपत्र घेतलं. आणि तीन दिवस चटईवर मांडी घालून जे शिकलो ते ही बाई खिचडीच्या तांदळातले खडे काढता काढता करत होती. मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू?

पहिलीत फरक कळायचा. पुस्तकातल्या बाजाराच्या चित्रावर बोट ठेवून मी विचारलं, काय दिसतंय, तर इतर पोरं म्हणायची, "बाई. भाजी." सुलाबाईच्या हाताखालून आलेली पोरं म्हणायची, बाई वांगे मापायलीय पण तिचं ध्यान दुसरीकडंच हाय, अन् ते मागचं पोरगं एक वांगं उचलणार बगा. चित्रात खरंच एक पोरगं होतं. चौदा वर्षांत मला दिसलं नव्हतं.

तरी पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. गावाला सुलाबाईचं कौतुक नव्हतंच, पण तक्रारही नव्हती. तक्रार सुरू झाली ती माशामुळं.

बन्सीधरराव माळकरी. हरिनाम सप्ताहात माईक हातात घेऊन त्यांनी गावाला सांगितलं होतं की सात दिवस कुणी मटण-मासळीला शिवू नये. सप्ताहाच्या पाचव्या दिवशी त्यांचा चार वर्षांचा नातू महारुद्र उंबऱ्यावर उभा राहिला.

"काल आज्जानं माळ काढली अन् खुटीला अडकवली."

"मंग?"

"मंग गोठ्यात गेला. गड्यानं येलदरीहून मासा आणला व्हता. ह्येवडा."

सुलाबाईचा तांदळातला हात थांबला. पण रीत ती रीत. ती हळूच म्हणाली, "मंग?"

"मंग खाल्ला. काटा अडकला. मंग कोरडी भाकर गिळली. मंग चूळ भरली. मंग माळ घातली. मंग म्हणला, विठ्ठल विठ्ठल."

त्या दिवशी नेमकी तीन लेकरं उशिरा आली. खबर तीनदा सांगितली गेली, आपल्या पदरचं काही न घालता. सुलाबाईनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही, पण तेवीस लेकरं खिचडी खाऊन तेवीस घरी गेली. दुपारपर्यंत म्हातारीकोतारीसुद्धा माशाची लांबी हातानं दाखवायला लागली.

मग सगळेच आपापल्या लेकरांकडं बघायला लागले. राजेश्री नावाच्या मुलीनं सांगितलं की सरकारनं घरपोच दिलेली आहाराची पाकिटं त्यांची म्हैस खाते, म्हणून म्हैस लय दूध देती. एकानं सांगितलं की त्यांचा नवा संडास लय चांगला हाय, त्यात सोयाबीनची सात पोती बसत्यात. आणि किशनरावांच्या नातवानं चौकटीला टेकून सांगितलं, "गुरजीच्या खोलीत शेळी व्याली. दोन करडं. एक काळं." हे मला बबिताताईंनी सांगितलं. त्या हसू आवरत होत्या. मला काही हसू आलं नाही.

गाव पंचायतीत जमलं. मी इतक्या सभा पाहिल्या, पण खरं कारण सोडून सगळं बोलणारी अशी सभा पाहिली नाही. मासा, म्हैस, संडास, शेळी यातला एकही शब्द कुणी काढला नाही.

"लेकरं लय उद्धट व्हायलीत," कुणी म्हणालं.

"शिकवत काईच न्हाई. नुस्त्या गप्पा चालल्यात."

"आजकाल इंग्रजी पायजे. ही बाई मंग-मंग करायलीय!"

इंग्रजीची सोय फाट्यावर होती. योगीराजांचं तिथं खत-बियाण्यांचं दुकान. हंगाम नसला की गोदाम रिकामं पडतं, म्हणून त्यांनी त्यात इंग्लिश नर्सरी काढली होती. पाटीवर लिहिलं होतं, 'शिस्त, संस्कार, इंग्रजी'. युरियाचा वास अजून होता, पण लेकरांना बूट-टाय होता. तिथं आल्याबरोबर ओळीत बसायचं आणि तोंडावर बोट ठेवायचं. बोलायचं तर इंग्रजीत बोलायचं. इंग्रजी येत नाही, म्हणून बोलायचं नाही. आईबापांना नेमकं हेच हवं होतं. आज्जानं मासा खाल्ला हे इंग्रजीत सांगायला लेकराला अजून दहा वर्षं लागली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यापुढं योगीराजांची फी काहीच नव्हती.

महिनाभरात तेवीस लेकरांची नऊ झाली. उरली ती मजुरांची, ज्यांच्या घरी लपवण्यासारखं काही नव्हतं. बबिताताईंनी वरून आलेला कागद वाचून दाखवला. जूनला पट असाच राहिला तर मदतनिसाची जागा काढून घेणार होते. बन्सीधररावांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी तक्रार अर्ज लिहून घेतला की सदर मदतनीस मुलांना बिघडवते, तरी तिला कमी करावे. खाली गावातल्या शिकलेल्या माणसाची सही हवी होती.

"गुरजी," ते म्हणाले, "यंदाचा तुमचा ठरावबी अजून व्हायचाच हाय."

मी सही केली. पेनसुद्धा माझंच होतं.

दोन दिवसांनी सुलाबाई माझ्या वर्गाच्या दाराशी आली. अर्ज झालाय हे तिला कळलं होतं, सही कुणाची हे कळलं नव्हतं. तिनं विचारलं, "गुरजी, तुमी शिकलेले. माजं चुकलं काय तेवडं सांगा."

मी म्हणालो, वरचा विषय आहे, बघू.

"मला घरी बसायचं भ्या न्हाई," ती म्हणाली. "पर ती रोहिणी पयलीला येती तुमच्याकडं. तिला 'मंग' जमतंय, पर 'कामून' जमत न्हाई. काय झालं ते सांगती, कामून झालं ते इचारलं की गप्प. कामून यायला अजून दोन महिने लागत्यात. तेवडे दोन महिने मिळाले असते, तर बरं झालं असतं."

मी घड्याळात पाहिलं. माझ्या प्रशिक्षणाच्या वहीत लिहिलं होतं की मूल आधी घटनांचा क्रम सांगू लागतं आणि कार्यकारणभाव, म्हणजे सुलाबाईचं 'कामून', नंतर येतो. त्याखालीही दोन रेघा होत्या. ती वही काढून मी तिला दाखवायला हवी होती, म्हणायला हवं होतं की बाई, तुमचं काही चुकलं नाही. मी म्हणालो, "मला जरा घाई आहे."

एप्रिलात शाळापूर्व तयारीचा मेळावा आला. पहिलीला येणाऱ्या लेकरांना शाळेत बोलवायचं, टेबलं मांडायची आणि कुठल्या टेबलावर उडी, कुठल्यावर मणी मोजणं, कुठल्यावर बोलणं असं तपासून तयारीचा कागद भरायचा. या खेपेला पर्यवेक्षिका प्रियांका मॅडम स्वतः येणार होत्या, आणि नर्सरीतली धरून गावातली झाडून सगळी लेकरं बोलवा असा त्यांचा निरोप होता. बाई नवीन होत्या, म्हणजे अजून कामाला खरंच काम समजत होत्या.

आदल्या दिवशी निमंत्रण द्यायला घरोघरी जाणं माझं काम. सोबत बन्सीधरराव आले. निमंत्रण मी देत होतो, आणि ते दारातून पाय काढताना सांगत होते, "लेकराला सांगून ठिवा, तिथं तोंड उघडायचं न्हाई." मी शेजारी उभा राहून मान हलवत होतो. तेरी भी चुप, मेरी भी चुप.

मेळाव्याच्या दिवशी पताका लागल्या, लेकरांची प्रभातफेरी निघाली. सुलाबाईला सरपंचांनी स्वयंपाकाच्या खोलीत चहाला बसवलं आणि बाहेर येऊ नका, लेकरांशी गप्पा मारू नका असं बजावलं. भाषेचं टेबल माझ्याकडं होतं. मी एकेका लेकरासमोर कोंबडी आणि पिल्लांचं चित्र धरून विचारत होतो, काय दिसतंय.

कुणी काही बोलेना. योगीराजांची लेकरं सवयीनं तोंडावर बोट ठेवून उभी राहिली. त्यातला एकजण प्रत्येक प्रश्नाला 'गुड मॉर्निंग' म्हणत होता. सुलाबाईची नऊ लेकरं आईकडं बघत होती आणि आया जमिनीकडं. रोहिणीचं नाव पुकारलं, तेव्हा तिनं चित्र पाहिलं, मला पाहिलं आणि कोंबडीवर बोट ठेवलं. जूनमध्ये ठेवायची तसंच. मी कागदावर लिहिलं, 'भाषा : मदतीची गरज'. सत्तावीस लेकरं, सत्तावीस वेळा तेच लिहिलं.

प्रियांका मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. कागद चाळत गेल्या तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"गुरुजी, सत्तावीस मुलं आणि एकही बोलत नाही? हे साधं नाही."

"लाजतात मॅडम."

"एवढी सगळी? मला वेगळी शंका येते. पाण्यात काही असेल, आहारात काही असेल. मी आजच वर कळवते. डॉक्टरांचं पथक येईल आणि घरोघरी जाऊन पाहील. पाणी, संडास, आहाराची पाकिटं, घरात मुलाशी कोण कसं वागतं, सगळं. एकही घर सोडायचं नाही."

त्यांनी फोन काढला. रेंज नव्हती. त्यांनी विचारलं, रेंज कुठं येते? बबिताताई हातपंपाकडं हात करणार तोच बन्सीधरराव मध्ये आडवे झाले.

त्या क्षणी गावाच्या तोंडचं पाणी पळालं. संडासवाला सोयाबीन हलवायला निघालाच होता, त्याला बायकोनं धरलं. राजेश्रीची आई म्हणाली, "बया, म्हशीला तर आत्ताच घातलीय पाकिटं."

"मॅडम, मॅडम, बोलत्यात की!" बन्सीधररावांना घाम फुटला. "लय बोलत्यात! ऐकवत न्हाई इतकं बोलत्यात! महारुद्रा, बोल की रं राजा!"

महारुद्रानं आज्जाकडं बघितलं आणि तोंडावरचं बोट आणखी घट्ट दाबलं. गुणी लेकरू, सांगितलेलं ऐकणारं.

बन्सीधरराव धोतर सावरत स्वयंपाकाच्या खोलीकडं पळाले. मीही मागं गेलो.

"सुलाबाई, चला बाहीर. ह्येंना बोलतं करा."

सुलाबाईनं चुलीवरून नजर काढली नाही. "तुमीच म्हणले, गप्पा मारू नका."

"मारा! हात जोडतो, मारा गप्पा!"

ती हात पदराला पुसत आली. टेबलाकडं गेलीच नाही. चित्र तर तिनं पाहिलंही नाही. वर्गात जाऊन भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "सगळे उंबऱ्याबाहीर व्हा बरं." लेकरं बाहेर गेली. रोहिणी पुढं होती. तिनं चौकटीला हात लावला.

"खबर?" सुलाबाई म्हणाली.

रोहिणीनं आईकडं बघितलं. आईनं सरपंचांकडं. सरपंचांनी मान डोलावली.

"काल सरपंच आज्जा अन् गुरजी आमच्या घरी आले."

"मंग?"

"मंग म्हणले, शाळंत तोंड उघडायचं न्हाई."

बन्सीधररावांनी डोळे मिटले.

"मंग?"

"मंग आईनं च्या केला. गुरजीनं बशीत वतला. पर प्याला न्हाई. उठून पळाला."

सुलाबाईनं या वेळी 'मंग?' विचारलं नाही. मला वाटलं, सुटलो. आणि रोहिणी कुणी न विचारता म्हणाली, "कामून तर, त्येची रेल्वे सुटती. परभणीची. रोजच सुटती. कामून तर, त्येच्या खोलीत शेळी व्यालीय."

सगळी सभा माझ्याकडं बघत होती. सुलाबाई एकटी रोहिणीकडं बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. रेल्वे, शेळी यातलं तिला काही ऐकू आलं नसावं. तिनं 'कामून' तेवढं ऐकलं, तेही दोनदा.

मॅडमनी रोहिणीचा कागद माझ्यापुढं सरकवला. "लिहा गुरुजी. घटना क्रमानं सांगते, हो. पूर्ण वाक्यात बोलते, हो. कारण सांगते, हो." मी लिहिलं. माझ्याविरुद्धच्या साक्षीला मी माझ्या हातानं पैकीच्या पैकी गुण दिले. पंधरा मिनिटांपूर्वी मी त्याच पोरीला मुकं ठरवलं होतं, आणि आता ती बोलली याचा मला त्या फजितीतही आनंद झाला.

मग बांध फुटला. तास-दीड तास मॅडमनी मासा ऐकला, म्हैस ऐकली, सोयाबीन ऐकलं. पथकाची गरज नाही, असं त्यांनी शेवटी सांगितलं. पण जाताना एवढं म्हणाल्या की यापुढं ज्या घरचं मूल बोलणार नाही, त्या घरी त्या स्वतः जातील.

या एका वाक्यानं जे केलं ते कुठल्याही प्रशिक्षणानं केलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून बूट-टायवाली लेकरं सुलाबाईच्या उंबऱ्यावर उभी राहिली. जूनमध्ये तिच्या पटावर सव्वीस नावं होती, आणि फाट्यावरच्या गोदामात पुन्हा खताची पोती. सुलाबाईची जागा राहिली, आणि तो तक्रार अर्ज बासनातच राहिला. शिक्षणाचं महत्त्व पटलं म्हणून नव्हे. मुकं लेकरू बोलक्या लेकरापेक्षा महागात पडतं हे गावाला कळलं म्हणून.

तरी बन्सीधररावांनी ग्रामसभेत एक दुरुस्ती केलीच. खबर चालू ठेवावी, परंतु ती केवळ जनावरांची असावी, माणसांची नसावी. ठराव एकमतानं झाला. गाव एक रात्र निवांत झोपलं. सकाळी महारुद्र उंबऱ्यावर आला आणि म्हणाला, "काल आमच्या बैलानं माळ काढून खुटीला अडकवली."

माझ्याबद्दलचा कागद आठ दिवसांनी आला. घरभाड्याचा भत्ता बंद, आणि गावात राहायला या. गावात दुसरी खोली मिळेना, म्हणून किशनरावांची तीच खोली घेतली. झाडून, सारवूनही वास जात नाही. संध्याकाळी शेळ्या दारात येऊन उभ्या राहतात आणि माझ्याकडं अशा बघतात की अतिक्रमण मीच केलंय. रोहिणी माझ्या वर्गात आहे आणि दिवसातून वीस वेळा 'कामून' विचारते.

गाडी गाठायची नसली की माणसाकडं सकाळी वेळ उरतो. तसाच एकदा मी अंगणवाडीकडं गेलो. सुलाबाई तांदूळ निसत होती. मी आत पाय टाकणार तोच लेकरं ओरडली, "न्हाई, न्हाई! उंबऱ्यावर!"

मी हसून तिच्याकडं बघितलं. तिनं मान वर केली नाही.

"खबर?" ती म्हणाली.

मी थांबलो. परत फिरावं असं वाटलं. मग चौकटीला हात लावला.

"एक गाढव होतं," मी म्हणालो. "लय शिकलेलं."

"मंग?"

"त्याला एकानं कागद दाखवला. एका बाईच्या विरुद्धचा. कागद खोटा आहे, हे गाढवाला ठाऊक होतं."

तिचा तांदळातला हात थांबला.

"मंग?"

"मंग त्यानं सही केली."

पुढं ती काही विचारेना. लेकरं माझ्याकडं बघत होती. खबर पुरी झाली नव्हती हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

"कामून तर," मी म्हणालो, "भ्यालं."

"बनाव हाय का खरं?" महारुद्रानं विचारलं.

"खरं हाय."

सुलाबाईनं ताटातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग ताट बाजूला सरकवून मला बसायला जागा केली.

"गाढवाला म्हणावं, खबर पुरी झाली," ती म्हणाली. "आत ये. अन् येताना चप्पल बाहीर काढ."